टीममध्ये देव घेऊ नयेत

"आपल्याकडे तेहतीस कोटी देव असताना बाहेरचे सुपरहिरो कशाला हवेत?" पुण्यात कॉमिक्सचा विषय निघाला की हे वाक्य कोणीतरी टाकतंच. टाळ्यांचं वाक्य आहे. त्यावर वाद घालायला कोणी धजत नाही, कारण वाद घालणारा एक तर नास्तिक ठरतो, नाहीतर अमेरिकाधार्जिणा. मी दोन्ही ठरायला तयार आहे. देवाची स्वतंत्र कथा खुशाल काढा; अमर चित्र कथेने १९६७ पासून त्यावरच पिढ्या वाढवल्या. पण चार-सहा जणांच्या टीमचं कॉमिक काढणार असाल, तर त्या टीममध्ये देव, यक्ष, वेताळ, चिरंजीव सिद्धपुरुष यांतल्या कोणालाही सभासद करून घेऊ नका. टीम तिथल्या तिथे संपते.

चित्रकला शिकणाऱ्या एका मुलाने मध्यंतरी त्याच्या कॉमिकची आठ पानं दाखवली. हात चांगला होता. मुळशीकडची कडे चढणारी एक मुलगी, भवानी पेठेतला एक वेल्डर, ओठांवरून बोलणं ओळखणारा एक बहिरा पोरगा आणि पीएमपीचा एक निवृत्त कंडक्टर, ज्याला शहरातला प्रत्येक थांबा पाठ. कंडक्टर तर मला फारच आवडला. पाचव्या पानावर चौघं नदीपात्रातल्या रस्त्यावर अडकलेले, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, गाड्यांची चाकं बुडायला लागलेली. आता कोण काय शक्कल लढवतो म्हणून मी उत्सुकतेने पान उलटलं. पुढच्या जोडपानावर ढग फाटून एक तेजःपुंज पुरुष उतरलेला. आठव्या पानावर पाणी ओसरलेलं. शेवटच्या चौकटीत चौघं मान वर करून बघतायत आणि आपल्याला त्यांच्या नुसत्या पाठी दिसतात. पाचव्या पानानंतर त्यांच्यापैकी कोणाच्याही तोंडी एक शब्द नाही. कंडक्टरला पाठ असलेले सगळे थांबे फुकट गेले.

दोष त्या मुलाचा नाही. हा घोळ सुपरहिरोंच्या पहिल्यावहिल्या टीमपासून चालत आलाय. १९४० सालच्या हिवाळ्यात 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या तिसऱ्या अंकात जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका जमली. जमली म्हणजे अक्षरशः एका टेबलाभोवती बसली आणि एकेकाने आपापला किस्सा सांगितला. त्या टेबलाशी स्पेक्टर होता. सुपरमॅनच्या दोघा जनकांपैकी एक असलेल्या जेरी सीगलने बर्नार्ड बेली या चित्रकाराबरोबर त्याच वर्षी त्याला जन्माला घातलं होतं. जिम कॉरिगन हा पोलिसांचा डिटेक्टिव्ह. गुंड त्याला सिमेंट भरलेल्या पिंपात घालून पाण्यात ढकलतात. मेल्यावर त्याला वरून परत पाठवलं जातं. मग तो इमारतीएवढा होतो, भिंतीतून जातो आणि नुसत्या नजरेने गुन्हेगाराचा सांगाडा करतो. त्याच टेबलाशी ॲटमही बसलेला. तेव्हाचा ॲटम म्हणजे एक बुटका कॉलेजकुमार. अंगात कसलीही शक्ती नाही. व्यायामाने कमावलेलं शरीर आणि दोन मुठी, एवढाच ऐवज.

या दोघांना एका गुन्ह्याच्या तपासाला शेजारी शेजारी उभं करा. ॲटम काय करील? स्पेक्टरचा कोट धरील.

गार्डनर फॉक्स हा लेखक वस्ताद होता. त्याने त्यांना शेजारी उभंच केलं नाही. सुरुवातीला सगळे भेटणार, मग प्रत्येकाचं स्वतंत्र प्रकरण, शेवटी पुन्हा बैठक, असा साचा त्या मालिकेत पुढे बराच काळ चालला. टीम नावाला, प्रत्यक्षात एकेकट्यांच्या गोष्टींचं कडबोळं. आजचे समीक्षक त्याला बाळबोध म्हणतात. मला त्यात शहाणपण दिसतं. ज्याला काहीही अशक्य नाही तो दुसऱ्याच्या प्रकरणात शिरला, की ते प्रकरण त्या दुसऱ्याचं राहत नाही, हे फॉक्सला पहिल्याच अंकात उमगलेलं दिसतं.

तरी डागडुजी करावी लागलीच. त्याच टीममधला डॉक्टर फेट हा मंत्रसामर्थ्याचा पुतळा. १९४१ मध्ये त्याचं अख्खं शिरस्त्राण काढून अर्धं दिलं आणि ताकद छाटली. आता त्याचा श्वास कोंडता येऊ लागला, म्हणजे निदान विषारी वायूने तरी त्याला पाडता येऊ लागलं. जॉनी थंडरची गंमत आणखी वेगळी. या भोळसट इसमाच्या दिमतीला थंडरबोल्ट नावाची जादूची शक्ती, बाटलीतल्या जिन्नसारखी, सांगितलेलं वाटेल ते काम करणारी. अशा माणसाला टीममध्ये ठेवायचं तर तो मूर्खच असावा लागतो, नाहीतर पहिल्या पानावर गोष्ट आटपते. काही वर्षं त्याच्या मूर्खपणावर विनोद झाले. १९४८ च्या सुमारास त्याची जागा घेतली ब्लॅक कॅनरीने. तेव्हा तिच्याकडे ज्यूदो होता, डोकं होतं, आणि दैवी काहीसुद्धा नव्हतं. तिचा तो प्रसिद्ध कर्कश चीत्कार पुढे दोन दशकांनी आला. अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासात यक्षाला नारळ देऊन एका हिकमती बाईला नोकरी दिल्याचं हे बहुधा सर्वांत नेमकं उदाहरण.

अतिसमर्थ साथीदार आला की लेखकाचं मुख्य काम बदलतं, आणि मला हेच खटकतं. खलनायक काय करणार, टीम काय करणार, याऐवजी तो साथीदार आता कुठे आहे, याचं उत्तर प्रत्येक अंकात द्यावं लागतं. तो दुसऱ्या मितीत अडकलाय. तो ध्यानात आहे. पहिल्याच धडाक्यात तो बेशुद्ध पडला. त्याला वरून परवानगी नाही. वाचक पहिल्यांदा चालवून घेतो, दुसऱ्यांदा हसतो. तिसऱ्यांदा तो अंक विकत घेत नाही.

लेखक रॉय थॉमसने १९८१ मध्ये 'ऑल-स्टार स्क्वाड्रन' सुरू केलं तेव्हा ही अडचण महायुद्धाएवढी झाली. कथा दुसऱ्या महायुद्धातली. स्पेक्टर, डॉक्टर फेट आणि सुपरमॅन दोस्त राष्ट्रांच्या बाजूला असताना बर्लिन एका दुपारी का पडलं नाही? थॉमसने हिटलरच्या हाती एक प्राचीन भाला दिला. जादूवर चालणारा किंवा जादूपुढे हतबल ठरणारा कोणीही त्याच्या हद्दीत शिरला, तर हिटलरच्या कह्यात जाणार. तोडगा चतुर आहे, मी त्याला दाद देतो. पण हे ओझं बघा. कोट्यवधी माणसांच्या युद्धात एक भाला घुसडावा लागला, तो केवळ आपल्याच बाजूच्या दोघा-तिघांना घरी बसवण्यासाठी.

'एक्स-मेन'मधली फीनिक्स तर वाचकांची लाडकी. लेखक क्रिस क्लेअरमाँटने तिला विश्वव्यापी करून ठेवलं आणि चित्रकार जॉन बर्नची तक्रार होती की तिच्यापुढे बाकीच्यांना करायला काम उरत नाही. शेवटी ती एक अख्खी वसलेली सृष्टी गिळते आणि १९८० साली, १३७ व्या अंकात, चंद्रावर मरते. तो शेवट गाजला, अजूनही रडवतो. मी मात्र तो अंक वाचताना दरवेळी वुल्व्हरीनकडे आणि नाइटक्रॉलरकडे बघतो. त्या लढाईत ते माणसांसारखे थकतात, हरतात, आणि म्हणून बघवतात.

न्यायाने एक अपवाद सांगतो. १९६६ च्या 'जस्टिस लीग'मध्ये दोन पृथ्व्या एकमेकींवर आदळायला येतात आणि स्पेक्टर अवाढव्य होऊन मधोमध उभा राहतो, दोन्ही अंगाने रेटत. देव आहे, सर्वशक्तिमान आहे, पण दोन्ही हात गुंतलेले. मग खलनायकाशी झुंजायला बाकीचे मोकळे. बलाढ्याला वापरायचं तर असं, दाराला लावलेल्या पाचरीसारखं.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, मग सुपरमॅनचं काय? तोही पर्वत उचलतो. उचलतो, पण त्याच्या बळाला माप आहे. क्रिप्टोनाइट पुढे आलं की तो गुडघ्यावर येतो. जादूपुढे त्याचं काही चालत नाही. एका वेळी तो एकाच जागी असतो. नियम माहीत असले की वाचकाला त्याच्याबरोबर विचार करता येतो. अलौकिकाचा नियम लेखक त्या पानावर बनवतो आणि पुढच्या पानावर विसरतो. इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना जादूगार मँड्रेक आठवत असेल. अगदी सुरुवातीच्या पट्ट्यांमध्ये तो खरीखुरी जादू करायचा. ली फॉकने पुढे ती संमोहनावर आणून ठेवली. बरं केलं. समोरच्याच्या हातातलं पिस्तूल साप झाल्याचा भास होतो, पिस्तूल मात्र पिस्तूलच असतं, आणि म्हणून शेजारी त्याचा दांडगा साथीदार लोथार लागतो. फॉकचाच वेताळ, म्हणजे फँटम, बघा. जंगलातले लोक त्याला अमर समजतात. आपल्याला ठाऊक असतं की कवटीच्या गुहेत त्याचे वीस पूर्वज पुरलेले आहेत.

आता "आपल्या परंपरेत देव असतोच" या मुद्द्याकडे येतो. इथे मला पुण्यातच, लॉ कॉलेज रस्त्यावर जायचंय. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं घालून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. देशभरची हस्तलिखितं ताडून, नंतरची भर बाजूला काढून, हाती आलेला सर्वांत जुना पाठ. त्यात सभापर्व उघडा. वस्त्रहरणाच्या प्रसंगी कृष्ण नाही. द्रौपदीने केलेला धावा नाही. वस्त्र ओढलं जातं, त्याच्या जागी तसंच दुसरं येतं, आणि ते कोणी पुरवलं हे सांगितलेलंच नाही. १९४४ मध्ये हे पर्व संपादित करणाऱ्या फ्रँकलिन एजर्टनने धाव्याचे श्लोक मूळ पाठातून काढून टिपांमध्ये ठेवले. कीर्तनातला आणि कॅलेंडरावरचा तो साड्या पुरवणारा हात नंतरचा.

याच्या पुढची गोष्ट मला अधिक थरारक वाटते. मग तो होता कुठे? हा प्रश्न महाभारतकारालाही पडलेला आहे. वनपर्वात, काम्यक वनात पांडवांना भेटायला आलेला कृष्ण स्वतःच सांगतो की मी द्वारकेत असतो तर न बोलावता आलो असतो आणि द्यूत थांबवलं असतं. पण मी शाल्व राजाशी लढत होतो. म्हणजे कॉमिकवाल्यांची तीच "दुसरीकडे गुंतला होता" ही सबब! फरक एवढाच की इथे सबबीची किंमत मोजलेली आहे. उद्योगपर्वात तोच म्हणतो, दूर असलेल्या मला कृष्णेने, म्हणजे द्रौपदीने, गोविंद म्हणून हाक मारली, ते ऋण वाढत चाललंय, माझ्या हृदयातून जात नाही. सर्वशक्तिमान साथीदाराची अनुपस्थिती एखाद्या लेखकाने त्याच्याच काळजात सलत ठेवावी, याहून उंच कारागिरी मला तरी कोणत्याही अंकात दिसलेली नाही.

युद्धात कृष्णाचं काय केलं, ते तर शाळकरी पोरालाही पाठ आहे. न धरी शस्त्र करी मी, गोष्टी सांगेन युक्तीच्या चार. अठरा अक्षौहिणी सैन्य समोरासमोर आणायचं आणि त्यातल्या सर्वांत समर्थ माणसाच्या हातात घोड्यांचे लगाम द्यायचे. बलराम तीर्थयात्रेला. बर्बरीक, ज्याचे तीन बाण म्हणे सगळं युद्ध संपवायला पुरेसे होते, तो या चिकित्सक पाठात नाहीच. त्याची कथा स्कंदपुराणातली. पण त्या कथेनेही काय केलं? युद्धाआधी त्याचं शिर मागून घेतलं आणि त्याला प्रेक्षक केलं. शिष्ट परंपरा असो की लोकपरंपरा, दोघींनी एकच निर्णय घेतलेला आहे.

आणि एक प्रसंग तर प्रत्येक होतकरू कॉमिकलेखकाने भिंतीवर लावावा. भीष्मपर्वातला नववा दिवस. भीष्म पांडवसेना कापत सुटलेत, अर्जुनाचा हात जड झालाय. कृष्णाला राहवत नाही. तो प्रतोद, म्हणजे घोड्यांचा चाबूक, घेऊन रथातून उडी मारतो आणि भीष्मांवर धावून जातो. म्हणजे अगदी ढग फाटून देव उतरण्याचाच क्षण. वाचकाला तो हवासुद्धा असतो. अर्जुन मागून पळत जातो, पाय धरतो, फरपटत जातो, दहाव्या पावलावर त्याला थांबवतो आणि म्हणतो की हा सगळा भार माझा आहे. देवाला अडवणारा भक्त. तो आडवा आला नसता तर पितामहांना मारण्याची अख्खी वेदना अर्जुनाच्या वाट्याला आलीच नसती, आणि दहाव्या दिवशी शिखंडीआडून सोडलेल्या बाणांना काही अर्थ उरला नसता.

तेव्हा देवांना टीमबाहेर ठेवणं परंपरेला सोडून आहे, हे कोणी मला सांगू नये.

कोणी म्हणेल, पोरांच्या चित्रकथांचं एवढं काय घेऊन बसलात. घेऊन बसतो, कारण या शहरात टीम म्हणून काही करताना हाच रोग दिसतो. धायरी-आंबेगावच्या बाजूच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत जा. पाण्याची बोंब. कमिटीत सात जण. एकाने टँकरच्या पावत्या जपल्यात, एकीने बोअरवेलची पातळी महिनोन्‌महिने वहीत टिपून ठेवलीये, एक निवृत्त इंजिनिअर गळतीचा नकाशा काढून बसलेत. आणि एक 'भाऊ' असतात, ज्यांची वरपर्यंत ओळख. भाऊंनी एक फोन लावला की संध्याकाळी टँकर दारात. पुढच्या बैठकीला वही कोणी उघडत नाही. नकाशा कपाटात जातो. भाऊ गावाला गेले की सोसायटी कोरडी. भाऊ वाईट नाहीत हो, मदतीला धावतात बिचारे. पण असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण आपण आळशांना हिणवायला वापरतो आणि सोसायटीच्या सभेत ठराव म्हणून मंजूर करतो. दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हाती जी टीम-कथा पडते, तिच्यातही भाऊच सगळं सोडवणार असतील, तर गळतीचे नकाशे पुढे कोण काढणार?

आपल्याकडे दुसऱ्या जातीचे नायक नव्हते अशातला भाग नाही. राज कॉमिक्सच्या नागराजच्या अंगात सापांची फौज आणि विषारी फुंकर; त्याच्या बाजूला अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव, १९८७ पासूनचा, सर्कशीत वाढलेला, मोटरसायकल आणि डोकं एवढ्यावर चालणारा. दोघं एकत्र आले की आम्ही पोरं धास्तावायचो ती ध्रुवसाठी. नागराजला काय धाड भरणार होती? पुणेकरांना तर परक्याकडे जायचीही गरज नाही. फुरसुंगीचा फास्टर फेणे विद्याभवनात शिकला, सायकलवर फिरला, ट्टॉक करत संकटात घुसला. सायकल पंक्चर झाली की त्याला पळावं लागायचं. त्याच्या पाठीशी एखादा चिरंजीव उभा केला असता, तर त्या सायकलकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं.

देव नकोच असा माझा हट्ट नाही, जागा ठरवून द्या एवढंच. त्याला सारथी करा, हात बांधा, दोन पृथ्व्यांमध्ये अडकवा, नाहीतर उशिरा पोचवा आणि तो उशीर त्याला खुपू द्या. मारुतीच हवा असेल तर तीही सोय झालेली आहे. वनपर्वात भीमाला त्याची शेपटी हलत नाही, तेव्हा भीमाच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने म्हातारबुवांना तिथूनच युद्धाचं आमंत्रण दिलं असतं. मारुती तर आपणहून म्हणतो की सांगशील तर जाऊन धृतराष्ट्राच्या पोरांना मारून येतो. भीम ते मागत नाही. शेवटी मारुती कबूल करतो ते एवढंच, की मी अर्जुनाच्या ध्वजावर बसेन आणि तिथून गर्जना करीन. खाली उतरून गदा फिरव, असं भीम त्याला सांगतच नाही.